सब्लाइमचा ‘सब्लाइम’ : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरमपेठ, लक्ष्मीनगर, सदर आणि पार मानेवाड्यापर्यंत विखुरलेल्या आमच्या गाणी ऐकणाऱ्या मंडळींत यंदाच्या उन्हाळ्यात एकाच अल्बमवरून भांडणं चालली होती. नवीन येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवतो आहे. मतं सगळ्यांची आहेत, उत्तरं माझी. मधात कुठं कुठं मी माझंच घोडं पुढं दामटलं आहे, ते तुम्हाला कळेलच.

नेमका कोणता अल्बम? कोणाचा?

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या बंदराच्या शहरात १९८८ मध्ये सब्लाइम हा तिघांचा बँड सुरू झाला. ब्रॅडली नॉवेल गायचा आणि गिटार वाजवायचा, एरिक विल्सन बास गिटारवर, बड गॉ ड्रम्सवर. ‘४० औंस टू फ्रीडम’ (१९९२) आणि ‘रॉबिन द हूड’ (१९९४) या दोन अल्बमनंतर आलेला हा तिसरा अल्बम बँडच्याच नावानं ओळखला जातो. ३० जुलै १९९६ ला तो एमसीए या मोठ्या कंपनीनं काढला. सतरा गाणी, जवळपास तासाभराचा ऐवज.

अल्बम बाजारात यायच्या दोन महिने आधी, २५ मे १९९६ ला, नॉवेल सॅन फ्रान्सिस्कोत हेरॉइनच्या अतिसेवनानं गेला. वय २८. मुखपृष्ठावर एका उघड्या पाठीवर बँडचं नाव गोंदलेलं दिसतं, ती त्याचीच पाठ.

स्का म्हणजे काय? आणि रेगे वेगळं कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मांडीवर हातानं सरळ ठोके द्या आणि तोंडानं म्हणा : एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. आपल्याकडच्या बहुतेक गाण्यांत हात ‘एक’वर पडतो. स्कामध्ये गिटार ‘एक’ला गप्प बसते आणि ‘आणि’वर वाजते. छोटा, कोरडा, लगेच दाबून टाकलेला फटका. सगळी चाल त्या ‘आणि’वर लटकलेली असते, त्यामुळे ऐकताना पाय आपोआप उचलला जातो. पाय खाली येतो तेव्हा तिथं गिटार नसते, ती वर गेलेली असते. उचकी लागल्यासारखं वाटतं, असं आमच्यातल्या एका तबलजीचं पहिलं मत होतं. नंतर तोच सगळ्यांत जास्त वेळ बोटं वाजवत बसायचा.

हे जमैकात १९५० च्या दशकाच्या शेवटी घडलं. रेडिओवरून अमेरिकेतलं रिदम अँड ब्लूज ऐकू यायचं, किंग्स्टनच्या गल्ल्यांत मोठाले भोंगे लावून नाच व्हायचे आणि तिथल्या वादकांनी ती लय स्वतःच्या पद्धतीनं वाकवली. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला तेव्हा हवेत स्काच होता. १९६६ च्या सुमारास चाल मंदावली आणि रॉकस्टेडी आलं. १९६८ च्या आसपास ती आणखी जड झाली, बास पुढं आला आणि त्याला रेगे म्हणू लागले. लय मंदावण्यामागे एक दंतकथा सांगतात. १९६६ चा उन्हाळा म्हणे इतका कडक होता की कोणाच्यानं जोरात नाचवेना. इतिहासकार यावर काय म्हणतात ते सोडा, मे महिन्यातल्या नागपूरकराला ही गोष्ट पटवायला पुरावा लागत नाही.

रेगे ओळखायची एक सोपी खूण आहे. ड्रम्सचा जड ठोका बहुतेक वेळा चारांतल्या तिसऱ्यावर पडतो आणि पहिली मात्रा रिकामी सोडलेली असते. समेवर जोर ऐकायची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दोन-तीन गाणी धीर धरा.

मग स्का पंक?

१९७९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत काळ्या-गोऱ्या पोरांनी मिळून स्काला पुन्हा हवा दिली, त्यात पंक या वेगवान, भरड रॉकचा संताप मिसळला. तीच ‘टू टोन’ची लाट. पुढं १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत अमेरिकेत तिसरी लाट आली. बर्कलीचा ऑपरेशन आयव्ही, बॉस्टनचा मायटी मायटी बॉसटोन्स, अनाहाइमचा नो डाउट हे त्यातले. गिटारचा आवाज भरडलेला, वेग दुप्पट, आणि कडव्यात स्का असेल तर ध्रुवपदात पंक.

या लाटेतल्या बऱ्याच बँडांत ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची फौज असते. सब्लाइममध्ये ती नाही. ‘राँग वे’मध्ये ट्रॉम्बोन आहे आणि मस्त आहे, पण मुळात हा तीन वाद्यांचा बँड. बँडबाजा ऐकायच्या आशेनं आलेले लोक इथं निराश होतात, त्यांना आधीच सांगून ठेवतो.

एका वाक्यात सांगा, हा अल्बम कोणत्या प्रकारात बसतो?

सांगता येत नाही, आणि आमची निम्मी भांडणं यावरच झाली. स्का आहे, रेगे आहे, डब (रेगेतून गाणं काढून बास आणि प्रतिध्वनी पुढं आणलेला प्रकार) आहे, हार्डकोर म्हणजे आणखी वेगवान, आणखी कर्कश पंक आहे, हिपहॉपमधून उचललेले तुकडे आहेत, मधूनच स्पॅनिश आहे, आणि शेकोटीजवळ बसून वाजवावी तशी साधी अकूस्टिक गिटारही आहे.

(कृपया कोणी ‘हा अल्बम म्हणजे तर्री पोहा’ असं म्हणू नका. प्रत्येक नवीन माणूस हे म्हणतो आणि प्रत्येकाला वाटतं ते त्यालाच सुचलं. तर्री पोह्यात सगळं एका घासात येतं. इथं तसं होत नाही.)

माझं म्हणणं याच जागी आहे. या अल्बमचं कौतुक करताना लोक ‘सगळ्या शैली एकजीव झाल्या’ म्हणतात. मला तर त्या एकजीव न झालेल्या जागाच आवडतात. नववं गाणं ‘पॉन शॉप’ सहा मिनिटं डबच्या संथ, पोकळ लयीत डुलत राहतं आणि ते संपताच दहावं ‘पॅडल आउट’ मिनिटभरात पंकचा धुरळा उडवून मोकळं होतं. मधे पूल नाही, पायरी नाही. ‘सीड’ तर एकाच गाण्याच्या पोटात स्कावरून हार्डकोरवर उडी मारतं आणि परत येतं. शिवण दिसते, दिसू दिली आहे. जिथं शिवण घासून गुळगुळीत केली आहे ती गाणी रेडिओवर गाजली, आणि माझ्या मते तीच लवकर जुनी होतात.

बहुतेकांना कोणती गाणी आवडली?

हात वर करायला सांगितले तर ‘सांतेरिया’ जिंकतं. सोपी, हलकी चाल, पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसणारी, आणि मधला गिटारचा तुकडा कमी सुरांत बरंच बोलणारा. यातली गंमत बऱ्याच जणांना उशिरा कळते : गाण्यातला माणूस आपली बाई पळवणाऱ्याला गोळी घालायची भाषा करतो आहे आणि चाल आहे झोपाळ्यावर बसल्यासारखी. सांतेरिया हा क्यूबातला, पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेल्या श्रद्धांतून घडलेला धर्म. पण गाण्यात त्याचा उल्लेख नावापुरताच. याच गाण्याचा पाया बँडनं आधीच्या अल्बममधल्या ‘लिंकन हायवे डब’ या शब्दांविना वाजवलेल्या तुकड्यात घालून ठेवला होता. तो ऐकलात तर बासची तीच चाल ओळखू येईल.

दुसऱ्या नंबरावर ‘व्हॉट आय गॉट’. अमेरिकेत बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत हे पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. आमच्याकडे मात्र यावर सरळ दोन तट. कॉलेजातल्या पोरांना ते निरागस, दिलदार वाटतं. चाळिशीपुढच्यांना वाटतं की गळ्याशी आलेल्या कर्जासकट हसणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे आणि तो हसतो आहे यावर विश्वास ठेवू नये. मी दुसऱ्या तटात. नॉवेल हे गायला त्यानंतर काही महिन्यांतच गेला, हे कळल्यावर तो खुशालचेंडू सूर मला ऐकवत नाही.

तिसरा गट लहान पण हट्टी आहे, त्यांना ‘पॉन शॉप’च हवं. या गटात सगळे बास वाजवणारे आहेत यात नवल नाही.

काय आवडलं नाही?

लांबी. सतरा गाण्यांतली चार-पाच काढली असती तर अल्बमचं काही बिघडलं नसतं. बारा-तेरा-चौदा या पट्ट्यात गाडी अडखळते, यावर आमचं जवळजवळ एकमत आहे. असं एकमत आमच्यात सहसा होत नाही. ‘बरिटोज’ हे अंथरुणातून उठायचंच नाही म्हणणाऱ्या माणसाचं गाणं आहे आणि ऐकणाऱ्यालाही तीच अवस्था येते. ‘व्हॉट आय गॉट’ दुसऱ्यांदा का घातलं आहे, याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

गाण्यांतल्या बायकांबद्दलच्या भाषेवरही आक्षेप आहेत. त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

यातली निम्मी गाणी दुसऱ्यांचीच आहेत ना? मग ही चोरी नाही का?

निम्मी नाहीत, पण उसनवारी भरपूर आहे. ‘जेलहाउस’ बॉब मार्लीच्या वेलर्स या गटाच्या जुन्या गाण्यावर उभं आहे. ‘पॉन शॉप’ची चाल वेलिंग सोल्स या जमैकन गटाच्या ‘वॉर दे राउंड अ जॉन शॉप’मधून आली. ‘द बॅलड ऑफ जॉनी बट’ मूळचं सीक्रेट हेट या लाँग बीचच्याच बँडचं. ‘व्हॉट आय गॉट’ हाफ पिंट या जमैकन गायकाच्या ‘लव्हिंग’चं ऋणी आहे, आणि गीतकारांच्या नावांत त्याचं खरं नाव, लिंडन रॉबर्ट्स, छापलेलं दिसतं. शेवटचं ‘डूइन टाइम’ जॉर्ज गर्श्विनच्या ‘समरटाइम’वर बेतलेलं आहे, आणि त्यातला वाद्यांचा तुकडा बासरीवादक हर्बी मानच्या वादनातून उचललेला.

आता चोरीबद्दल. जमैकात एक साथीचा तुकडा, म्हणजे बास आणि ड्रम्सची एक ठरलेली चाल, वर्षानुवर्षं फिरत राहते आणि तिच्यावर नवनवे गायक आपले शब्द घालतात. तिला तिथं रिडिम म्हणतात. १९८५ ची ‘स्लेंग टेंग’ ही रिडिम तर कॅसिओच्या छोट्या कीबोर्डात कारखान्यातूनच भरून आलेल्या ठेक्यावर उभी राहिली आणि तिच्यावर किती गाणी झाली याची गणती नाही. कोणी कोणाला चोर म्हणत नाही. भांडण होतं ते पैशावरून आणि नावावरून.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या पुस्तिका विकायला असतात, त्या उघडून बघा. कितीतरी गाण्यांवर सरळ लिहिलेलं असतं, ‘चाल : अमुक गाण्याची’. गणपतीच्या भजनांच्या वह्यांतही तेच. चाल सगळ्यांची, शब्द आपले. पुस्तिकेत चालीचं मूळ मात्र वर छापलेलं असतं, लपवलेलं नसतं. माझी कसोटी हीच आहे. सब्लाइमनं जिथं नाव दिलं तिथं मला तक्रार नाही. जिथं ऐकणाऱ्याला मूळ गायकाचा पत्ताच लागत नाही तिथं तो माणूस उपाशी राहिला की काय, हा प्रश्न मनात येतोच. उसनं घेणारा कॅलिफोर्नियातला, मोठ्या कंपनीचा, देणारा किंग्स्टनचा. हा तराजू काही समतोल नव्हे.

यातून एक चांगली गोष्ट निघाली. आमच्यातले निदान काही जण या अल्बममुळे मूळ जमैकन गाण्यांपर्यंत गेले आणि आता सब्लाइमकडे वळूनही बघत नाहीत.

गोऱ्या पोरांनी जमैकन लहजात गायचं, हे खटकत नाही?

खटकतं. कोणाला किती, यावर गट पडले.

आमच्यात एक भीमगीतं गाणारा मित्र आहे. तो रेगे आधीपासून ऐकतो, कारण त्याला त्यात ओळखीचं काही सापडतं : माणूस म्हणून उभं राहण्याची भाषा, ती ठेक्यावर बसवलेली, हजारो लोकांनी एकत्र म्हणायची. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जे गाणं वस्त्यावस्त्यांतून उठलं, त्याच्याशी किंग्स्टनच्या वस्त्यांतल्या गाण्याचं नातं त्याला समजावून सांगावं लागत नाही. त्याचं म्हणणं असं की सब्लाइमनं लय घेतली, लहजा घेतला, गांजाचा धूरही घेतला, पण ज्या दुखण्यातून ते गाणं आलं ते किंग्स्टनच्या दारातच ठेवून आले.

दुसरी बाजू एका मैत्रिणीनं मांडली, ती काही वर्षं अमेरिकेत राहून आली आहे. लाँग बीच म्हणजे बंदर, तिथं मेक्सिकन, कंबोडियन, काळे, गोरे सगळे शेजारी. तिथल्या पोराच्या कानावर जे पडेल ते तो गाणार. नॉवेलचं स्पॅनिशही त्याच गल्लीतलं. त्याला सोवळ्यात राहून फक्त गोऱ्यांचं रॉक वाजवायला सांगणं हेही काही बरं नव्हे.

मला दोघंही पटतात आणि गाण्यागणिक माझा कल बदलतो. ‘जेलहाउस’मध्ये नॉवेलचा आवाज मूळ गायकांपुढं इतका वाकून येतो की राग धरवत नाही. जिथं लहजा नुसता विनोदासाठी आहे तिथं मी पुढचं गाणं लावतो.

‘२९ एप्रिल १९९२’ या गाण्यात काय आहे?

लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी बेदम मारलं, त्याची चित्रफीत जगानं पाहिली, तरी खटल्यात पोलिसांना दोषी धरलं गेलं नाही. २९ एप्रिल १९९२ ला तो निकाल आला आणि शहर पेटलं. साठाहून जास्त लोक गेले. आग आणि लूट लाँग बीचपर्यंत पोचली.

गाण्यातला माणूस लुटीत सामील झालेला आहे. दारूचं दुकान, मग वाद्यांचं दुकान, मग घरात नवं फर्निचर. मधूनमधून पोलिसांच्या वायरलेसचे आवाज घातले आहेत. गाण्याचं नाव २९ एप्रिल, पण नॉवेल गाताना तारीख २६ म्हणतो, आणि ती चूक तशीच राहू दिली आहे.

यावर आमच्याकडे आवाज चढले. एकाचं म्हणणं, लुटीची फुशारकी आहे, बाकी काही नाही. दंगल म्हणजे काय ते ज्यानं जवळून पाहिलं आहे त्याला यात मजा वाटणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, गाणं कुठंच स्वतःला निर्दोष म्हणवत नाही, हीच त्याची सच्चाई. गाण्यात पुढं एक जागा येते, तिथं गाणारा म्हणतो की हे रॉडनी किंगबद्दल नव्हतंच, ही बिघडलेली परिस्थिती आणि पोलीस यांच्याबद्दल होतं. ती ओळ मला नेहमी अडवते. लुटलेल्या सोफ्यावर बसलेला माणूस एवढं खरं बोलतो तेव्हा त्याचं ऐकायचं की नाही? मी ऐकतो, पण आवाज थोडा कमी करून.

घरी, आईबाबांसमोर किंवा लहान मुलांसमोर लावता येईल का?

नाही. इंग्रजी कळत असेल तर मुळीच नाही.

‘राँग वे’ हे सगळ्यांत फसवं गाणं आहे. उड्या मारणारी चाल, मजेदार ट्रॉम्बोन, आणि शब्दांत बारा वर्षांच्या मुलीला तिचेच घरचे देहविक्रीला लावतात ती कथा. सांगणारा माणूस सुटका करायला निघाल्यासारखा वाटतो आणि मग तोही तिला वापरून घेतो. चाल आणि कथा यांतली ही फट मुद्दाम ठेवली आहे, असं समर्थक म्हणतात. आमच्यातल्या दोन शिक्षिकांनी हे समर्थन साफ झुगारलं. त्यांचं म्हणणं असं की नाचवणारी चाल लावली की लोक नाचतात, फट कोणी बघत नाही. लग्नाच्या संगीतात हे गाणं वाजलेलं त्यांच्यातल्या एकीनं ऐकलं आहे, तेव्हा वाद तिथंच संपला.

‘करेस मी डाउन’ निव्वळ चावट आहे, निम्मं स्पॅनिशमध्ये असल्यानं अर्धं वाचतं.

आणि गांजाचं काय?

अल्बमभर आहे. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. गाणं ऐकायला काही लागत नाही, कान सोडून.

गायक गेला म्हणून अल्बमचं जास्त कौतुक होतं का?

थोडं होतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अल्बम आला तेव्हा मैफली करायला बँडच उरला नव्हता, तरी अमेरिकेत त्याच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या. मृत्यूच्या बातमीनं लोक वळले असतील, पण एवढ्या संख्येनं टिकून राहिले ते गाण्यांमुळेच.

हा अल्बम मृत्यूची चाहूल लागलेल्या माणसाचा वाटत नाही, हे मात्र विलक्षण आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळ, विली नेल्सनच्या स्टुडिओत यातलं बरंच ध्वनिमुद्रण झालं. बटहोल सर्फर्स या बँडचा पॉल लिअरी निर्माता होता, आणि काही गाणी डेव्हिड काहननं केली. नॉवेलचं व्यसन तेव्हा टोकाला गेलेलं होतं. तो गेला तेव्हा मुलगा जेकब वर्षाचाही झाला नव्हता आणि लग्न होऊन आठवडाच झाला होता. हे माहीत असताना ऐकलं तर प्रत्येक हसण्यामागं काहीतरी शोधायची सवय लागते. निदान पहिल्यांदा ऐकताना तरी ही माहिती बाजूला ठेवा, असं मी नवीन लोकांना सांगतो. (आणि ते आधी इथं येऊन हेच वाचतात.)

ऐकायचं कसं? मला तर बासच ऐकू येत नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर येणारच नाही. बास गिटारची सगळ्यांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झला कंप पावते. फोनचा नखाएवढा स्पीकर तिथवर उतरत नाही. या अल्बममध्ये बास काढून घेतला तर उरतो तो निम्माच अल्बम, कारण एरिक विल्सन साथ देत नाही, गाणं तोच चालवतो. नॉवेलची गिटार त्याच्या मधल्या फटींत बसते.

नागपुरात दुसरी अडचण कूलरची. वाळ्याच्या ताट्यांतून घरघरणारा लोखंडी कूलर नेमकी खालची पट्टी खाऊन टाकतो. त्याची घरघर आणि बास एकाच मजल्यावर राहतात, आणि मोठा आवाज लहान आवाजाला दाबतो. आवाज वाढवून उपयोग नाही, मग वरची झांज कानात घुसते. उपाय दोन. कान पूर्ण झाकणारे हेडफोन, किंवा पहाटे पाचच्या सुमाराला, कूलर बंद करता येतो त्या तासाभरात ऐकणं. ‘पॉन शॉप’ त्या वेळी लावा. बाहेर दूधवाल्याच्या सायकलीची घंटी वाजली तरी चालते, डबमध्ये ती खपून जाते.

क्रम बदलून, शफलवर ऐकू नका. नवव्या आणि दहाव्या गाण्यामधली ती उडी हरवते.

मी ‘डूइन टाइम’ लाना डेल रेच्या आवाजात ऐकलं. मूळ कसं वाटेल?

कॉलेजातली निम्मी मंडळी याच वाटेनं आली. तिचं गाणं २०१९ चं. तिथं सगळं रेशमी, लांबून बघितल्यासारखं आहे. मूळ गाण्यात धूळ आहे, ड्रम्स खडबडीत आहेत, आणि प्रेयसी छळते म्हणून कैदेत असल्यासारखं वाटणाऱ्या माणसाची चिडचिड आहे. तिच्या आवाजात ते ऐकल्यावर छळणारं कोण आणि सोसणारं कोण हे वेगळं वाटू लागतं, म्हणून मला ते आवडतं. आमच्यातल्या कट्टर लोकांना ते चालत नाही. त्यांना गर्श्विनचं सब्लाइमनं केलेलं चालतं, सब्लाइमचं दुसऱ्या कोणी केलेलं चालत नाही. आता याला काय म्हणावं बाप्पा!

नागपुरात असं संगीत कोणी वाजवतं का?

नेमकं असं वाजवणारे मला माहीत नाहीत. देशात बघायचं तर दिल्लीचा स्का व्हेंजर्स हा बँड आहे, तिथलेच रेगे राजाज आहेत, आणि गोव्यात गोवा सनस्प्लॅश नावाचा रेगेचा महोत्सव सुरू झाला.

पण आपल्याकडे रस्त्यावरची मिसळ कमी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत उभं राहून बघा. संदलचे ताशे, धुमालवाल्यांचे (मिरवणुकीत ढोल-कीबोर्ड वाजवणाऱ्या पथकांचे) कीबोर्ड, भोंगे, मधेच एखाद्या जुन्या सिनेगीताची चाल, तिच्यात घुसलेली कव्वालीची तान, आणि लगेच दुसराच ठेका. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना धुमालवाले पूल बांधत बसत नाहीत, थेट उडी मारतात. मी ‘सीड’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला परकं वाटलं नाही ते यामुळे. आमच्यातला एक जण तर म्हणतो, “काऊन बे, हे तर आपल्या इतवारीतच वाजून राहिलं ना!” एवढं मी म्हणणार नाही. धुमालमध्ये रिकामी जागा नसते, प्रत्येक मात्रा भरलेली असते, आणि रेगे तर रिकाम्या जागेवरच जगतं.

बँड अजून आहे का?

नॉवेलनंतर तो संपला. २००९ पासून रोम रमिरेझ या गायकाबरोबर सब्लाइम विथ रोम या नावानं गाणी वाजत राहिली. २०२३ च्या शेवटी नॉवेलचा मुलगा जेकब बापाच्या जागी गायला उभा राहिला आणि २०२४ मध्ये विल्सन आणि गॉ यांच्यासह तो कोचेला महोत्सवाच्या मंचावर होता. बाप गेला तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. त्याचा आवाज बापासारखा आहे का, यावर मत देण्याआधी त्याला आणखी थोडा वेळ द्यावा असं मला वाटतं. आमच्यातल्या बाकीच्यांनी तो दिलेला नाही.

हा अल्बम आवडला. पुढं काय ऐकू?

मागं जा. आधी ‘४० औंस टू फ्रीडम’, जास्त ओबडधोबड आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक. पंकची बाजू आवडली असेल तर ऑपरेशन आयव्ही, आणि इंग्लंडची वाट धरायची असेल तर स्पेशल्सचा १९७९ चा पहिला अल्बम. डबची बाजू आवडली असेल तर सरळ किंग टबीकडे जा. गाण्यातून गाणाराच काढून टाकला आणि उरलेल्या आवाजांवर प्रतिध्वनी सोडले की काय होतं ते त्याच्याकडे कळेल. स्का मुळातून ऐकायचा असेल तर १९६४ मध्ये जमलेले स्कॅटलाइट्स. त्यांच्यात फुंकायची वाद्यं भरपूर आहेत, सब्लाइममध्ये बँडबाजा मिळाला नाही म्हणून रुसलेल्यांची तिथं सोय होईल.

आणि अल्बम आवडलाच नाही तर?

तरी या. विरोधी पक्षात सध्या माणसं कमी आहेत. फक्त कोणती गाणी नावडली आणि का, ते ठरवून या, कारण ‘बोअर आहे’ एवढं म्हणणाऱ्याला बैठकीनंतरचा चहा स्वतःच्या पैशानं प्यावा लागतो.